खजूर पिकतात तेव्हा फॉर्म निघतात

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते सुकट निवडायचं. असरची, म्हणजे दुपार कलतानाची, नमाज होऊन गेली होती, बाहेर जेद्दाचा तो घामट उन्हाळा, आत एसी घरघरत होता. गावाहून आलेल्या कुणीतरी बॅगेत घालून सुकट आणली होती, पाच पिशव्यांत बांधून, तरी माणसाच्या आधी वास घरात शिरला. हमीदा, माझी बायको, अरबी पेपर पसरून जमिनीवर बसली, पाय ओढणीखाली घेऊन. मी समोर. ती डोकी मोडायची, मी कचरा वेचायचा.

"तुमी काय बघताव? अर्धा कचरा तसाच हाय."

"मग तूच निवड."

"मीच निवडते सगळा. नवरा तेवढा न निवडता गळ्यात पडला."

हसली. हसता हसता दम लागला, तेव्हा पेपर सारखा करायचं निमित्त करून मान खाली घातली. मीही दुसरीकडे बघितलं. पाच महिन्यांत आम्हाला दोघांनाही त्याची सवय झाली होती. आतल्या खोलीत आमची मुलगी रुकय्या दुसऱ्या दिवशीच्या मुलाखतीची तयारी करत होती, आरशासमोर उभी राहून स्वतःशीच इंग्रजी बोलत होती. हमीदाने बोट तोंडावर ठेवलं, म्हणजे हळू बोला. नर्सिंगच्या कॉलेजातली मुलाखत होती ती.

दुसऱ्या दिवशी दुपारी हमीदा गेली.

हे आता वर काढायचं कारण रुतब. माझं शिक्षण चौथी. मोसम मला कॅलेंडरवर कळत नाही, गाड्यांवर कळतो. हाजी परत गेले की बलद, जेद्दाचा जुना बाजार, ओस पडतो. मी ज्या दुकानात तसबी आणि मुसल्ले, म्हणजे जपमाळा आणि नमाजेच्या चटया, विकतो तिथे दिवसाला दहा माणसं फिरकत नाहीत. मग एक दिवस गल्लीच्या तोंडाशी पिकअप येऊन उभे राहतात आणि त्यांच्या पाठीवर खजुराचे घडच्या घड. अर्धे पिवळे, अर्धे तपकिरी, मऊ पडलेले. त्याला इथे रुतब म्हणतात. हमीदाला ते इतके आवडायचे की बी चोखत बसायची. यंदाही आले. मी त्या गाडीला वळसा घालून मशिदीच्या मागच्या बाजूने दुकानात जातो. लोकांना वाटतं म्हातारा सावली शोधतोय.

ह्याच दिवसांत त्या कॉलेजचे फॉर्म निघतात. ज्यांनी आधी सायन्सची डिग्री घेतलीय त्यांच्यासाठी चार वर्षांचं नर्सिंग तिथे दोन वर्षांत उरकतात. जागा मूठभर, आपल्यासारख्या बाहेरच्यांना त्यातूनही चिमूटभर. रुकय्याची बारावी इथल्या इंडियन स्कूलमध्ये झाली, बीएस्सी रत्नागिरीला मामाकडे राहून. परत आली ती हेच डोक्यात घेऊन आली. गेल्या साली आमच्या घरात तीन महिने दुसरं बोलणं नव्हतं. डिग्रीवर हा शिक्का, त्या शिक्क्यावर तो शिक्का. इंग्रजीची परीक्षा. लहानपणच्या लसींचे कागद. दोन मास्तरांची पत्रं. दवाखान्यात फुकट काम केल्याचा दाखला. शिवाय एक निबंध, तुम्हाला नर्स का व्हायचंय.

मी म्हटलं, "लग्नाला पण इतके कागद लागत नाहीत."

हमीदा म्हणाली, "म्हणून तर लग्ना अशी होतात."

माझा विरोध होता. खोटं कशाला बोलू. माझ्या चुलतभावाचा गावाहून फोन आला होता, नर्स झालेल्या पोरीला चांगलं घर मिळत नाही, पुरुषांची अंगं पुसायची, रातपाळ्या करायच्या, हे काय आपल्या घरातलं काम आहे का. मी ते तसंच्या तसं घरात येऊन बोललो, जणू माझ्याच डोक्यातून निघालंय. हमीदा भाकरी थापत होती. वळलीसुद्धा नाही.

"उद्या तुमी पडलाव तर उचलणार कोण? तो चुलतभाव? त्याला सांगा, भांडा घेऊन ये."

रुकय्या फिस्सकन हसली. "अम्मी, यू आर टू मच." मग माझ्याकडे बघून, "अब्बा, तुमचं बेडपॅन मी फ्रीमध्ये उचलेन, फॅमिली डिस्काउंट."

असं हसायचो आम्ही. मी हे मुद्दाम लिहितो, कारण लोकांना वाटतं ज्या घरात काही लपवलेलं असतं त्या घरात कुजबुज असते. आमच्या घरात तर हशा वाढला होता. हमीदाने वाढवला होता.

रमजानमध्ये तिचे पाय सुजले. जिना चढताना दोनदा बसायला लागली. रुकय्या क्लिनिकमध्ये फुकटचं काम करायला गेली होती तेव्हा मी हिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर मिसरी होता, इजिप्तचा. माझी अरबी दुकानातली, कितीला देऊ आणि कमी होणार नाही एवढ्यापुरती, पण त्या दिवशी सगळं समजलं. दिलाची झडप गेलीय, फुप्फुसात पाणी चढतंय, ऑपरेशन लागेल, थांबू नका. थांबू नका हे त्याने दोनदा सांगितलं. लिफ्टसमोर उभं राहून हमीदा मला म्हणाली, "पोरीची मुलाखत होऊ दे. मग कापा काय कापायचा तो."

"आणि तिला काय सांगायचं?"

"काय सांगायचा नाय. तिने तयारी टाकून माझे पाय चेपायचे काय?"

आमच्याकडे हे असंच चालतं. परीक्षेच्या तोंडावर मुलाला घरातलं दुखणं सांगायचं नाही. परदेशात असलेल्याला मौत फोनवर सांगायची नाही. माझी आई वारली तेव्हा मी इथेच होतो, जवान होतो. दुकानातल्या सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. मला म्हणाले, आई सीरियस आहे, जाऊन ये. जेवायला बसवलं, दोन घास जास्त वाढले. मी निघताना आईसाठी शाल घेतली, तिला थंडी वाजायची म्हणून. गावी बंदरावरच्या घरी पोचलो तेव्हा तिला पुरून तीन दिवस झाले होते, अंगणात बायका कुराण वाचत होत्या आणि माझ्या हातात शालीची पिशवी. त्या दिवशी मी, ज्याने मला सांगू नका म्हणून कळवलं होतं, त्या थोरल्या भावाच्या कानाखाली मारली होती. मनाशी म्हटलं होतं, आपण कुणाला असं फसवायचं नाही.

पण माणूस स्वतःला लागलेला मार लक्षात ठेवतो तो दुसऱ्याला द्यायला, की काय कोण जाणे. लिफ्ट आली. मी "बरं" म्हटलं.

मग गोळ्या तांदळाच्या डब्यात गेल्या. पाणी काढायच्या गोळीने ती सारखी मोरीत जायची, रुकय्याला सांगितलं उन्हाळ्यात पाणी जास्त प्यायलं जातं. आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून तीन उशा लावून भिंतीला टेकून बसून झोपायची, सांगितलं अॅसिडिटी आहे. सुजलेल्या पायांत मोजे, इथल्या उन्हाळ्यात. सांगितलं एसी पायाला लागतो. प्रत्येक गोष्टीला एक उत्तर तयार होतं आणि ती उत्तरं देण्यात मी हमीदापेक्षा तरबेज झालो. दुकानदार माणूस.

रुकय्याने बीपीचं मशीन आणलं होतं सरावाला. मजल्यावरच्या सगळ्यांना धरून धरून पट्टा बांधायची. केरळी शेजारीण, तिची सासू, खालचा बंगाली वॉचमन. माझं तर रोज. हमीदा मात्र कधी सापडायची नाही. "माझे हात पिठाचे हायत." "आधी अब्बाचा घे." "नमाजेला उशीर होतो." एकदा पोरीने तिचं मनगट पकडलंच. घड्याळ बघून मोजायला लागली, कपाळाला आठी पडली. "अम्मी, तुझी पल्स अशी का गं? इट्स नॉट रेग्युलर."

मी मध्ये पडलो. "तुला अजून मोजता येत नाही. हात धरून बोलत बसलीस तर चुकणारच."

पोरीने माझ्यावर विश्वास ठेवला. तिची बोटं बरोबर होती आणि मी तिला सांगितलं की ती चुकली. पुढे दोन महिने क्लिनिकमध्ये ती प्रत्येक पेशंटची नाडी दोनदा मोजायची, स्वतःवर भरोसा नाही म्हणून. हे तिच्या मैत्रिणीने मला सांगितलं.

निबंध लिहून झाला तेव्हा तिने आम्हाला वाचून दाखवला, एकेक वाक्य मोडक्या मराठीत करून. "माझी अम्मी कधी आजारी पडली नाही. तिला बघून मला वाटायचं आजार ही दुसऱ्यांच्या घरातली गोष्ट आहे. दवाखान्यात काम केलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माणूस दुखणं कसं सहन करतो." हमीदा ऐकत होती, मोजे घातलेले पाय पोटाशी घेऊन. मला वाटलं आता फुटेल. तिने डोळे पुसले नाहीत की काही नाही.

"बरोबर लिवलास," म्हणाली. "फक्त ह्यांचा नाव पण घाल कुठेतरी. रुसतील."

मुलाखत घ्यायला तिघं होते. त्यात एका बाईने विचारलं, पेशंट दुखणं लपवत असेल तर तू काय करशील? रुकय्याने उत्तर दिलं, घरच्यांना विचारेन. घरच्यांना सगळं माहीत असतं. बाई खूश झाली म्हणे. हे तिने मला त्याच दिवशी दुपारी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये सांगितलं. सकाळी मी तिला कॉलेजात सोडून घरी परतलो होतो; दवाखान्यातून फोन केला तशी ती टॅक्सी करून थेट तिथे आली होती, अबायाला इस्त्री तशीच कडक. आत तिची अम्मी कापडाखाली होती. मिसरी डॉक्टर बाहेर आला आणि त्याने पोरीला इंग्रजीत सगळं सांगितलं, रमजानपासूनचं. तिने ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून ते मुलाखतीचं सांगितलं, सरळ आवाजात, एकही शब्द न वाढवता. आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली.

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. वेटिंगवर होतं. अकराव्या दिवशी कोणीतरी जागा सोडली आणि हिला मेसेज आला. गावाहून फोनवर फोन. "अम्मीची दुआ लागली हो." "हमीदाने वर जाऊन काम केलं बघा." मला चीड येते असल्या बोलण्याची. अल्लाहला एक जागा द्यायची होती तर आधी एक बाई कशाला लागते? पण मी "हो, हो" म्हणत राहिलो. त्या चुलतभावानेही फोन केला, मुबारक म्हणाला. नर्स पोरीला आता चांगली मागणी आहे म्हणाला.

इथे कबरीवर नाव नसतं. मातीचा उंचवटा आणि डोक्याशी दगड, राजाला तोच आणि मला तोच. बायका कबरस्तानात जात नाहीत. मी जुम्म्याला जाऊन येतो, मग रुकय्या विचारते, "कितवी ओळ?" दर वेळी विचारते. मी दर वेळी सांगतो, फाटकातून डावीकडे, आठवी ओळ, भिंतीकडून मोजत ये. ती मान हलवते. ती तिथे कधी जाणार नाही आणि तरी तिला वाट तोंडपाठ आहे.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी पांढरे बूट घालून जाते, संध्याकाळी येऊन जेवण तापवते. माझ्याशी बोलते, नाही असं नाही. "अब्बा, गोळी घेतली?" "अब्बा, दूध संपलंय." पण तो फॅमिली डिस्काउंट संपला. ह्या दिवसांत तिला अनोळखी पोरींचे फोन येतात, निबंधात काय लिहू, मुलाखतीत काय विचारतात. ती शांतपणे सगळं सांगते. परवा एका पोरीला म्हणाली, "घरच्यांबद्दल लिहू नकोस." एवढंच. कारण दिलं नाही.

आणि गेल्या आठवड्यात ती कॉलेजातून आली, बॅग खाली ठेवली, आणि पाणीही न पिता समोर येऊन बसली.

"आज हार्ट फेल्युअर शिकवलं."

मी टीव्ही बघत होतो. बघतच राहिलो.

"त्या पेशंटना सपाट झोपता येत नाही, अब्बा. गुदमरतात. अम्मी म्हणून तीन उशा घ्यायची. अॅसिडिटी नव्हती."

"डॉक्टरने सांगितलं ना तुला सगळं."

"मग मुलाखतीच्या सकाळी तुम्ही म्हणालात अम्मी झोपलीय. इतकं पाणी भरलेला माणूस जायच्या दोन तास आधी शांत झोपलेला असूच शकत नाही. कशी झोपली होती?"

"झोपली होती. बसून."

"तुम्ही बघितलंत?"

"बघितलं."

ती उठून गेली. दोन दिवसांनी परत विचारलं. काल तिसऱ्यांदा विचारलं, ह्या वेळी हळू, जसं दवाखान्यात म्हाताऱ्या पेशंटला विचारत असतील. मी हमीदाचं नाव पुढे केलं. म्हटलं, तुझ्या अम्मीने शपथ घातली होती, मी काय करणार. ती म्हणाली, "अम्मीचं मला माहीत आहे. मी तुमचं विचारतेय."

आमच्या दोघांशिवाय ह्या घरात कोणी नाही. खरं सांगितलं तर ती जाईल. हॉस्टेल आहे त्यांचं, जागाही असते, मी चौकशी केलीय. नाही सांगितलं तर राहील आणि रोज संध्याकाळी येऊन माझ्या तोंडाकडे बघेल. शिकवणारे तिला पुढे आणखी शिकवतीलच. एक एक धडा होत जाईल आणि माझं एक एक उत्तर गळून पडेल. ज्या शिक्षणासाठी आम्ही हे केलं तेच आता माझ्या मागे लागलंय. हमीदा असती तर हसली असती.

उद्या जुम्मा. तिला सुट्टी आहे. नमाजेवरून आलो की तिला समोर बसवून सांगणार आहे. तोंडाने सांगताना मी लबाडी करीन, कुठेतरी हमीदावर ढकलीन, डॉक्टरवर ढकलीन. म्हणून आधी कागदावर घालतो, जसं झालं तसं. मी अडखळलो तर कागद तिच्या हातात देईन. मामाकडे तीन वर्षं राहिलीय, सावकाश का होईना, मराठी वाचेल.

त्या सकाळी हमीदा झोपली नव्हती. ती स्वयंपाकघरात होती, प्लास्टिकच्या स्टुलावर, दोन्ही हातांनी ओट्याची कड धरून. श्वास घेताना छातीत हुक्का ओढल्यासारखं गुडगुडत होतं. ओठ जांभळे. कपाळावरून घाम गळत होता आणि हात लावला तर अंग थंड. मी फोन उचलला. तिने माझ्या हातावर हात ठेवला, पोरीच्या खोलीकडे बोट केलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. बोलायला दम नव्हता. इथपर्यंत तिचं.

पुढचं माझं. मी फोन खिशात टाकला. निघायला वळलो तर तिने माझी बाही धरली. घट्ट धरली. जा म्हणत होती की थांब म्हणत होती, मला कळलं नाही. तिच्या डोळ्यांत बघितलं असतं तर कळलं असतं. मी बघितलं नाही. जा म्हणतेय असं धरून चाललो, कारण गाडी खाली उभी होती, पोरगी तयार होती, पाच महिने ज्याच्यासाठी काढले तो एक तास समोर होता. मी तिची बोटं एकेक करून सोडवली.

मग तिच्या श्वासाचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी एक्झॉस्ट फॅन मोठा केला आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

रुकय्या फाईल छातीशी धरून हॉलमध्ये उभी होती. "अम्मी कुठाय?"

"झोपलीय. जरा डोळा लागलाय तिचा. यल्ला, चल, उशीर होतोय."

"दोन मिनिटं. दुआ घेऊन येते."

"आल्यावर घे," मी म्हटलं, आणि तिला पुढे घालून जिना उतरलो.